नोकरीला काय काय बांधलेलं असतं

माझी मामेबहीण न्यू जर्सीत असते. दोन वर्षांपूर्वी मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी तिने ऑफिसचा लॅपटॉप उघडला, तर पासवर्ड चालेना. आधी वाटलं, नेहमीची काहीतरी गडबड असेल. मग खासगी मेलवर पत्र दिसलं: तुमचं पद आजपासून रद्द झालं आहे. दुपारी तिचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, हिशोब करत होती. "दादा, व्हिसाचे साठ दिवस. इन्शुरन्स महिनाअखेरपर्यंत. पोराची शाळा जूनपर्यंत. यातलं आधी काय संपतंय ते बघते."

त्याच उन्हाळ्यात तिच्याच बॅचचा एक मित्र श्टुटगार्टजवळच्या, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीतून कमी झाला. त्याला एका खोलीत बोलावून कागद हातात दिला, शाईने सही केलेला. जर्मनीत नोकरी ईमेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपने संपवता येत नाही. नोटीस कागदावर नसेल तर कायद्याच्या लेखी ती दिलेलीच नाही. कागदावर शेवटच्या दिवसाची तारीख होती तीन महिन्यांनंतरची. तोवर पगार चालू, आरोग्य विमा चालू, आणि दुसरीकडे अर्ज करायला सवड.

दोघं एकाच कॉलेजात शिकलेले, दोघंही कामाला चोख. त्यांचे ते दोन फोन आल्यापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आलोय.

प्रगत देशांतल्या कामगार कायद्यांची चर्चा बहुतेक वेळा एकाच प्रश्नाशी अडते: तिथे माणसाला कामावरून काढणं सोपं की अवघड? मला हा प्रश्न अपुरा वाटतो. त्याआधी विचारावं, नोकरीला काय काय बांधलेलं आहे? पगार तर असतोच. पण औषधपाणी, राहतं घर, देशात राहण्याचा हक्क, म्हातारपणाची तजवीज, यांतलं किती त्याच दोरीला आहे? दोरी तुटली की पगाराबरोबर आणखी काय काय खाली येतं? हे विचारत अमेरिका, जर्मनी, डेन्मार्क आणि जपान पाहिले की प्रत्येक देशाने काय वाचवायचं ठरवलं ते दिसू लागतं.

अमेरिकेत ४९ राज्यांत मूळ नियम असा आहे की मालक कधीही, कारण न देता माणसाला कमी करू शकतो आणि माणूसही कधीही सोडून जाऊ शकतो. मोंटाना एवढा अपवाद. तिथे १९८७ पासून प्रोबेशन संपल्यावर काढायचं तर योग्य कारण द्यावं लागतं. वंश, धर्म, लिंग, वय, अपंगत्व यांवरून काढायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे, पण "आता गरज उरली नाही" एवढं म्हणणं पुरतं. १९८८ च्या एका केंद्रीय कायद्याप्रमाणे १०० किंवा जास्त कामगार असलेल्या कंपनीला मोठी कपात करायची असेल तर ६० दिवस आधी सांगावं लागतं. माझ्या बहिणीच्या ऑफिसातली कपात 'मोठी' या व्याख्येत बसणारी नव्हती.

बेकारी भत्ता तिथे आहे. १९३० च्या दशकातल्या महामंदीत लाखो लोक रस्त्यावर आले, तेव्हा रूझवेल्ट यांच्या काळात, १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून तो आला. पण भत्ता किती आणि किती दिवस, हे राज्यांवर सोडलं. बऱ्याच राज्यांत जास्तीत जास्त २६ आठवडे. फ्लोरिडात मात्र काही वर्षं १२ च आठवडे आणि आठवड्याला कमाल २७५ डॉलर, तर मॅसॅच्युसेट्समध्ये कमाल आकडा हजार डॉलरच्या वर. सारखंच काम, सारखाच पगार, आणि नोकरी गेल्यावर हातात येणारी रक्कम एवढी वेगळी. तरी या योजनेतली एक गोष्ट मला मनापासून आवडते. भत्त्यासाठी कंपनी जो कर भरते त्याचा दर तिने आजवर किती माणसं काढली यावर ठरतो. जास्त काढा, जास्त भरा. काढण्याचा खर्च समाजावर टाकण्याआधी थोडा तरी काढणाऱ्याच्या खिशातून जातो. युरोपातल्या फार थोड्या देशांना हे सुचलं आहे.

खरी गाठ आरोग्य विम्याची. तो नोकरीला बांधावा असं कोणी बसून ठरवलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये सरकारने पगारवाढीवर बंदी घातली. कामगार तर हवे होते. मग कंपन्यांनी पगाराऐवजी विमा देऊ केला, कारण तो बंदीत धरला जात नव्हता. १९५४ च्या करकायद्याने या विम्यावर कर नाही हे पक्कं केलं आणि युद्धातली तात्पुरती सोय कायमची झाली. आज जवळपास निम्म्या अमेरिकेचा आरोग्य विमा कोणाच्या ना कोणाच्या नोकरीतून येतो. नोकरी गेल्यावर तोच विमा साधारण १८ महिने चालू ठेवता येतो, पण कंपनीचा वाटाही स्वतः भरायचा. कुटुंबाचा सरासरी हप्ता महिना दोन हजार डॉलरच्या पुढे गेला आहे. म्हणजे पगार बंद झाला त्याच महिन्यात सगळ्यात मोठं नवं बिल दारात. २०१० च्या 'ओबामाकेअर' कायद्यानंतर बाजारातून अनुदानित विमा घेता येतो, त्याने पुष्कळांची सुटका झाली. तरी बहिणीने महिना संपायच्या आत काय केलं असेल? दोन कामं: मुलाच्या दम्याचे इनहेलर भरून आणले आणि स्वतःचा दात दाखवून घेतला. पुढे त्या इनहेलरचं रिकामं पाकीट तिने मला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. "हे जुन्या इन्शुरन्समधलं शेवटचं."

आणि आपल्या लोकांसाठी व्हिसाची गाठ. एच-१बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की २०१७ पासूनच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नवा मालक, वेगळा व्हिसा किंवा परतीचं तिकीट. हाच माणूस पगारातून ६.२ टक्के सोशल सिक्युरिटीसाठी भरत असतो, पण तिथलं निवृत्तिवेतन मिळायला साधारण दहा वर्षांचा भरणा लागतो. जर्मनी, डेन्मार्क, जपान या देशांशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे, त्यामुळे तिथली आणि इथली वर्षं एकमेकांत जोडून धरता येतात. अमेरिकेशी असा करार अजून नाही. सात-आठ वर्षं भरून पुण्याला परतलेल्यांना म्हणूनच त्या पैशातून काही मिळत नाही. यावर आपल्याकडे जितका आवाज व्हायला हवा तितका होत नाही, असं मला वाटतं.

२०२० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतली बेकारी १४ टक्क्यांच्या वर गेली. सरकारने हात आखडता घेतला नाही. नेहमीच्या भत्त्यावर आठवड्याला ६०० डॉलर जास्त दिले, काही महिने पुष्कळांना पगारापेक्षाही जास्त मिळाले. पण पैसे पोचवायची यंत्रणा जुनी. न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी पत्रकारांसमोर कोबोल ही जुनी संगणक भाषा येणाऱ्या स्वयंसेवकांना मदतीला बोलावलं, कारण राज्याची बेकारी भत्त्याची प्रणाली चाळीस वर्षांपूर्वीच्या मोठ्या संगणकांवर चालत होती. वाय-टू-केच्या, म्हणजे २००० सालच्या संगणक-तारखांच्या घोळाच्या, वेळी कोबोल शिकून तिकडे गेलेल्या आपल्या पिढीला ही बातमी वाचून काय वाटलं असेल! भत्ता कायद्यात असणं आणि तो गरजेच्या आठवड्यात खात्यात पडणं यांत किती अंतर असतं ते त्या महिन्यात दिसलं.

त्याच एप्रिलमध्ये जर्मनीत सुमारे ६० लाख लोकांना पुरेसं काम नव्हतं, आणि तरी त्यांची नोकरी गेली नव्हती. हे समजून घेण्यासारखं आहे.

त्या व्यवस्थेचं नाव कुर्त्सआर्बाइट, म्हणजे 'आखूड काम'. मागणी घटली आणि कारखान्यात पाच दिवसांचं काम तीनच दिवसांचं उरलं, असं समजा. कंपनी सगळ्यांना ठेवते, तीन दिवसांचा पगार देते. उरलेल्या दोन दिवसांच्या बुडालेल्या निव्वळ पगाराचे ६० टक्के, आणि घरात मूल असेल तर ६७ टक्के, सरकारी रोजगार विमा देतो. महिना ३,००० युरो हातात पडणाऱ्या बापाला कंपनीकडून साधारण १,८०० मिळतात. बुडालेल्या १,२०० पैकी जवळपास ८०० विम्यातून येतात. घरभाडं जातं, गाडीचा हप्ता जातो, सुट्टीचा बेत तेवढा रद्द होतो. ज्या दिवशी मागणी परत येते त्या दिवशी माणूस आपल्याच यंत्रापाशी उभा असतो. कुशल कामगाराला शिकवून तयार करायला तिथे तीन-साडेतीन वर्षं लागतात, त्यामुळे तो हातचा जाऊ नये ही मालकाचीही गरज असते.

२००९ मध्ये याची मोठी परीक्षा झाली. जगभर मंदी, निर्यात कोसळली, जर्मनीचं उत्पन्न एका वर्षात पाच टक्क्यांहून जास्त घसरलं. एवढ्या घसरणीत बेकारी उसळायला हवी होती. ती जेमतेम हलली. त्या मे महिन्यात १४ लाखांहून जास्त लोक आखूड कामावर होते. युरोपातल्या इतर देशांनी २०२० मध्ये ही पद्धत घाईघाईने उचलली त्यामागे हा अनुभव होता.

नोकरी खरोखरच जाते तेव्हाही पायऱ्या आहेत. कंपनीत १० हून जास्त माणसं आणि तुमची सहा महिन्यांहून जास्त नोकरी असेल, तर काढायला कायद्यात बसणारं कारण हवं. जिथे कामगारांनी निवडून दिलेली बेट्रीब्सराट नावाची समिती आहे, तिथे प्रत्येक नोटिशीआधी तिचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. ऐकलं नाही तर नोटीस रद्द. आर्थिक कारणाने कपात करताना सारखंच काम करणाऱ्यांतून कोणाला काढायचं हे साहेबाच्या मर्जीवर नसतं. किती वर्षं नोकरी, वय किती, घरात कोण अवलंबून, गंभीर अपंगत्व आहे का, या चार गोष्टी धरून निवड करावी लागते. बहिणीचा मित्र तिशीतला, लग्न न झालेला, चार वर्षांची नोकरी. त्याच्या शेजारच्या टेबलावरचे पन्नाशीतले गृहस्थ, दोन शाळकरी मुलं. यादीत वर कोण येणार ते त्याला आधीच कळलं होतं. "वाईट वाटलं, पण अन्याय झाला असं नाही वाटलं," असं तो मला म्हणाला. हे वाक्य माझ्या मनात राहिलंय.

भत्ता मिळतो निव्वळ पगाराच्या ६० किंवा ६७ टक्के, साधारणपणे बारा महिने. ५८ च्या पुढच्यांना दोन वर्षांपर्यंत. त्या काळात आरोग्य विम्याचा हप्ता रोजगार कार्यालय भरतं. ते संपलं की पुढे गरज तपासून मिळणारी किमान मदत, आणि ती बेताची असते. तिचा आजचा सांगाडा २००५ चा. फोक्सवॅगनचे अधिकारी पीटर हार्ट्झ यांच्या समितीच्या शिफारशींवरून तेव्हाचे चान्सलर श्र्योडर यांच्या सरकारने तो आणला. त्यावर रस्त्यावर मोर्चे निघाले आणि तो राग जर्मन राजकारणात वीस वर्षं मुरला. जर्मनी म्हणजे कामगारांचा स्वर्ग असं चित्र आपल्याकडे रंगवतात. तीस वर्षं एका कारखान्यात काढलेल्या माणसाला दोन वर्षांत किमान मदतीवर येण्याची जी भीती वाटते, ती त्या चित्रात नसते.

आखूड कामाची एक अडचणही आहे. मागणी परत येणार असेल तर माणूस जागेवर धरून ठेवणं शहाणपणाचं. पण ती परत येणारच नसेल तर? डिझेल इंजिनाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सरकारी पैशाने माणसं थांबवली, तर त्यांची चाळिशीतली दोन मोलाची वर्षं वाट पाहण्यात जातात. संकट आलं आहे की बदल आला आहे, हे पहिल्या सहा महिन्यांत कोणालाच सांगता येत नाही. श्टुटगार्टच्या परिसरात आज नेमका हाच पेच आहे.

डेन्मार्कने या पेचाला वेगळं उत्तर दिलं, आणि ते सुचायला एक मोठं भांडण व्हावं लागलं. १८९९ च्या वसंतात जटलंडमधल्या काही गावांतल्या सुतारांनी संप केला. मालकांच्या संघटनेने उत्तर म्हणून देशभर टाळेबंदी केली. सुमारे ४० हजार कामगार शंभरेक दिवस कारखान्याबाहेर. सप्टेंबरमध्ये दोन्ही बाजू थकून बसल्या आणि करार झाला. मालकांनी कामगार संघटनेला बरोबरीचा पक्ष म्हणून मान्यता दिली, आणि संघटनेने काम कसं चालवायचं, कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं हा मालकाचा अधिकार मान्य केला. त्या 'सप्टेंबर तडजोडी'वर डॅनिश व्यवस्था आजही उभी आहे. तिथे किमान वेतनाचा कायदासुद्धा नाही. वेतन ठरतं ते संघटना आणि मालक यांच्यातल्या करारांनी, आणि सुमारे पाचातले चार कामगार अशा करारांखाली येतात.

म्हणून तिथे कामावरून कमी करणं बरंच सोपं आहे. ऑफिसात बसून काम करणाऱ्यांना एक ते सहा महिन्यांची नोटीस मिळते, कारखान्यातल्यांना करारानुसार बहुतेक कमीच. सरकारची परवानगी नाही, मोठी भरपाई नाही. पण नोकरी गेली तर जातो फक्त पगार. दवाखाना करातून चालतो, त्याला नोकरीशी देणंघेणं नाही. मुलांचं पाळणाघर चालू राहतं, विद्यापीठाचं शिक्षण मोफतच असतं. आणि पगाराची जागा भरायला आ-कासे असते.

आ-कासे म्हणजे बेकारी विमा निधी. तो सक्तीचा नाही. महिना साधारण ५०० डॅनिश क्रोन वर्गणी भरून आपण होऊन सभासद व्हायचं. निधीच्या मागे सरकारचे पैसे उभे असतात. भत्ता आधीच्या पगाराच्या ९० टक्क्यांपर्यंत, कमाल दोन वर्षं. हा ९० चा आकडा ऐकून आपले लोक हरखून जातात, पण त्यावर मर्यादा आहे: महिना साधारण वीस-बावीस हजार क्रोन, तेही कर कापायच्या आधी. दुकानात किंवा गोदामात काम करणाऱ्याला खरोखरच पगाराच्या जवळपास पैसे मिळतात. ५० हजार क्रोन कमावणाऱ्या इंजिनिअरला निम्म्याहूनही कमी. म्हणून तिथला मध्यमवर्ग वरून वेगळा खासगी विमा घेतो.

पैसे फुकट बसून मिळत नाहीत. बेकारीच्या पहिल्याच दिवशी सरकारी संकेतस्थळावर नाव नोंदवायचं, दोन आठवड्यांत आपली माहिती चढवायची, कुठे कुठे अर्ज केले त्याची वही तिथेच भरायची, बोलावतील त्या भेटींना जायचं, आणि योग्य काम दाखवलं तर घ्यायचं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे बेकारी दहा टक्क्यांच्या आसपास गेली होती आणि भत्ता वर्षानुवर्षं चालत राहायचा. पंतप्रधान पोल न्यूरुप रासमुसेन यांच्या सरकारने १९९४ पासून ही अटींची बाजू कडक केली आणि प्रशिक्षणावर पैसा ओतला. २०१० मध्ये मुदत चार वर्षांवरून दोनवर आणली. बेकारांना कामाला लावण्याच्या कार्यक्रमांवर डेन्मार्क राष्ट्रीय उत्पन्नाच्या दीड-दोन टक्के खर्च करत आला आहे. अमेरिका एक दशांश टक्क्याच्या आसपास.

हे कागदावरचं झालं. प्रत्यक्षात काय होतं ते पाहायला ओडेन्से शहराजवळच्या लिंडो जहाज कारखान्यात जावं लागेल. २००६ मध्ये इथून एमा मेर्स्क नावाचं जहाज बाहेर पडलं, जवळपास ४०० मीटर लांब, त्या वेळचं जगातलं सगळ्यात मोठं कंटेनर जहाज. तीन वर्षांनी मालक कंपनीने जाहीर केलं की आशियातल्या कारखान्यांपुढे हा धंदा परवडत नाही, बंद करायचा. २०१२ मध्ये शेवटचं जहाज गेलं. हजारो वेल्डर, फिटर, क्रेनवाले, आणि त्यांच्यावर चालणारं अख्खं गाव. सरकारने कारखाना विकत घेऊन चालवला नाही, बंद करायला आडकाठीही केली नाही. भत्ता होता, अभ्यासक्रम होते, युरोपीय संघाच्या निधीतून जादा पैसे आले. आणि एक नशिबाची गोष्ट होती. जहाजाच्या पोटातल्या अरुंद कप्प्यांत वेल्डिंग करायला लिंडोत पूर्वीच रोबोट आणले होते, आणि त्यासाठी ओडेन्सेच्या विद्यापीठात मेर्स्क घराण्याच्या देणगीतून एक संस्था उभी राहिली होती. त्या परिसरातून २००५ मध्ये युनिव्हर्सल रोबोट्स निघाली, मागोमाग आणखी. आज ओडेन्सेत रोबोटच्या शंभराहून जास्त कंपन्या आहेत आणि जुन्या गोदीच्या जागेवर पवनचक्क्यांचे अजस्र भाग बनतात. प्रत्येक वेल्डर रोबोट बनवायला लागला असं मुळीच नाही. साठीला आलेले कित्येक लवकर घरी बसले. पण पोरांच्या ताटातलं कमी झालं नाही, आणि गाव उठलं नाही.

लिंडोबद्दल वाचताना मला गिरणगाव आठवल्याशिवाय राहिलं नाही. मुंबईत कायदा कामगाराच्या बाजूने कडक होता. १९७६ पासून मोठा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागत होती. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि पुढच्या काळात गिरण्या परवानगीने, बिनपरवानगीने, नुसत्याच पडून राहून बंद झाल्या. नोकरीला कुलूप लावायला कायदा होता. कुलूप तुटल्यावर माणसाचा हात धरणारं कोणी नव्हतं.

डेन्मार्कचं हे सगळं कशावर चालतं तर करावर, आणि तो भारी आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४० टक्क्यांहून जास्त रक्कम करातून गोळा होते. अमेरिकेत हाच आकडा २५ ते ३० टक्क्यांच्या दरम्यान. कुशल माणसाला अमेरिकेत पगार कितीतरी जास्त मिळतो, हेही खरं. पण एवढा भत्ता दिला की लोक आळशी होतात, हे जे म्हटलं जातं त्याला आकडे साथ देत नाहीत. १५ ते ६४ वयातले कामावर असलेले लोक डेन्मार्कमध्ये चारात तीनहून जास्त आहेत, अमेरिकेपेक्षा जास्त.

जपानकडे वळलं की अगदी उलट टोक दिसतं. युद्धानंतर मोठ्या कंपन्यांनी कॉलेजातून मुलं उचलायची आणि निवृत्तीपर्यंत सांभाळायची, पगार वयाबरोबर वाढवायचा, अशी रीत पडली. न्यायालयांनी तिला धार दिली. सबळ कारणाशिवाय काढणं म्हणजे अधिकाराचा गैरवापर, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये ठरवलं, आणि पुढे ते कायद्यातच आलं. कायम नोकरदाराला तिथे सेइशाइन म्हणतात. पत, घरकर्ज, लग्न ठरणं, सगळं या एका शब्दाला बांधलेलं.

मग १९९० च्या दशकात पैशाचा फुगा फुटला. आतल्यांना काढता येत नव्हतं, म्हणून कंपन्यांनी दार बंद केलं. त्या वर्षांत पदवी घेतलेल्या पिढीला तिकडे 'नोकरभरतीच्या हिमयुगातली पिढी' म्हणतात. वसंत ऋतूतली ती एक भरती हुकली की पुन्हा संधी नाही. बाहेर उरलेल्यांसाठी कंत्राटी, अर्धवेळ आणि हाकेन, म्हणजे एजन्सीने पाठवलेलं काम, वाढत गेलं. २००४ पासून कारखान्यांनाही असे कामगार घेता येऊ लागले. १९९० मध्ये पाचात एक कामगार कायम नव्हता. आता तिनात एकाहून जास्त.

याचा अर्थ काय ते २००८ च्या शेवटच्या रात्री टोकियोला दिसलं. मंदी आली, गाड्यांच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांनी हाकेन कामगार आधी कमी केले. ते कंपनीच्या नाहीतर एजन्सीच्या वसतिगृहात राहत होते. काम गेलं त्याबरोबर खोली गेली. जपानमध्ये नववर्ष म्हणजे आपल्या दिवाळीसारखं घरी जायचं. या लोकांना जायला घर नव्हतं. संघटना आणि स्वयंसेवकांनी हिबिया बागेत तंबू ठोकले, मोठ्या पातेल्यांत जेवण शिजवलं. पाच-सहा दिवसांत सुमारे ५०० माणसं जमली. समोरच्या रस्त्यापलीकडे कामगार मंत्रालय. तंबू पुरेनात तेव्हा मंत्रालयाने आपलं सभागृह झोपायला उघडून दिलं. टीव्हीवर ते चित्र पाहून लोक हादरले, कारण आपल्या देशात बेकारी कमी आहे एवढंच त्यांना ठाऊक होतं.

कायम आणि कंत्राटी यांच्यातली हीच भिंत फ्रान्समध्ये घरभाड्यात दिसते. पॅरिसमध्ये खोली बघायला गेलात की घरमालक मुदत नसलेल्या नोकरीचा करार मागतो, आणि भाड्याच्या तिप्पट पगार. मुदतीच्या करारावरच्या पोराला आईबापांची हमी आणावी लागते. ऑस्ट्रियाने मात्र एक छोटीशी सुंदर सोय केली आहे. पूर्वी तिथे नोकरी सोडताना मिळणारी भरपाई स्वतः राजीनामा दिला की बुडायची, म्हणून लोक नको त्या नोकरीला चिकटून राहायचे. २००३ पासून मालक दर महिन्याला पगाराच्या १.५३ टक्के कामगाराच्या नावच्या खात्यात टाकतो. नोकरी बदलली तरी खातं सोबत येतं, शिदोरीसारखं. रक्कम मोठी नाही, पण ती कंपनीला बांधलेली नाही.

तिकडे नोकरीला जाणाऱ्या मुलामुलींनी यातून घ्यायच्या गोष्टी अगदी साध्या आहेत. डेन्मार्कला जात असाल तर पहिल्याच महिन्यात आ-कासेचे सभासद व्हा; साधारण वर्षभराच्या सभासदत्वाशिवाय भत्ता सुरू होत नाही. जर्मनीत नोटीस हातात पडली की रोजगार कार्यालयाला कळवायला बहुतेक वेळा तीनच दिवस असतात, आणि न्यायालयात जायचं तर तीन आठवडे. अमेरिकेत विम्याची शेवटची तारीख पगाराच्या शेवटच्या तारखेहून वेगळी असू शकते, ती लेखी मागून घ्या.

बहिणीच्या त्या मित्राला खोलीत बोलावलं तेव्हा टेबलावर दोन कागद होते. एक नोटीस. दुसरा 'आपसांतल्या संमतीने' नोकरी संपवण्याचा, त्यावर एक बरी रक्कम लिहिलेली. त्याच्यावर सही केली असती तर नोकरी स्वतःहून सोडली असं धरून बारा आठवडे भत्ता रोखला जाऊ शकला असता. समितीवरच्या बाईंनी त्याला जिन्यात गाठून सांगितलं, आज सही करू नकोस, कागद घरी घेऊन जा. तो दाव्याला गेला, पहिल्याच तारखेला तडजोड झाली, आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे अर्ध्या महिन्याचा पगार घेऊन बाहेर पडला. नवी नोकरी त्याला पाचव्या महिन्यात लागली. घाई केली नाही, दोन नाकारल्या.

बहिणीला एक्कावन्नाव्या दिवशी लागली. पगार आधीपेक्षा कमी होता आणि ऑफिस दीड तास लांब. मुलाखतीनंतर कंपनीच्या बाईंनी विचारलं, तुमचा काही प्रश्न? तिने पगाराचं काही काढलं नाही, कामाचं नाही.

"इन्शुरन्स पहिल्या दिवसापासून आहे का?"